बीएफआरओची बिगफूट मोहीम: पैसे भरण्याआधी नोंदवही पाहा

बिगफूट म्हणजे उत्तर अमेरिकेच्या जंगलांत राहतो असे सांगितले जाणारा, दोन पायांवर चालणारा धिप्पाड केसाळ वानरमानव. बिगफूट फील्ड रिसर्चर्स ऑर्गनायझेशन, म्हणजे बीएफआरओ, ही या विषयातली अमेरिकेतली सर्वांत परिचित स्वयंसेवी संस्था. मॅट मनीमेकर यांनी ती 1995 मध्ये सुरू केली. तिच्या दोन सेवा सर्वसामान्यांसाठी खुल्या आहेत: बिगफूट दिसल्याच्या नोंदींचा मोफत संग्रह आणि शुल्क भरून सहभागी होता येणाऱ्या जंगलमोहिमा. सिएटल, पोर्टलंड, बे एरिया भागातल्या जंगलाची आवड असलेल्या मराठी मंडळींना त्यांचा कितपत उपयोग आहे, याचे हे परीक्षण. आमचे मत आधीच सांगतो. संग्रह जरूर वापरा. मोहिमेचे पैसे मात्र त्या विशिष्ट मोहिमेचा म्होरक्या नोंदी कशा ठेवतो हे विचारल्याशिवाय भरू नका. बिगफूटचे शव, हाड, दात किंवा निर्विवाद डीएनए आजवर कोणाच्याही हाती लागलेले नाही. त्यामुळे या क्षेत्रात नोंद हाच एकमेव माल आहे, आणि ती नोंद कच्ची असेल तर रात्रभराच्या जागरणातून काहीच उरत नाही.

संग्रहाचे काम असे चालते. पाहणारा माणूस अर्ज भरतो. संस्थेचा स्वयंसेवक त्याला फोन करतो, शक्य असेल तर जागेवर जातो, आणि मग नोंदीला वर्ग मिळतो. अ वर्ग म्हणजे स्पष्ट दर्शन, जिथे दुसरा प्राणी समजण्याची शक्यता कमी. ब वर्गात लांबून, अंधुक उजेडात किंवा अर्धवट दिसलेले प्रसंग येतात, आणि नुसते ऐकू आलेले आवाजही. क वर्ग म्हणजे ऐकीव गोष्टी. त्या बहुतेक छापल्याच जात नाहीत. 1958 पूर्वीच्या छापील किंवा स्थानिक नोंदींसारखे काही अपवाद सोडले तर. हे साल महत्त्वाचे आहे. त्या वर्षी उत्तर कॅलिफोर्नियातल्या ब्लफ क्रीकजवळ रस्त्याच्या कामावर असलेल्या जेरी क्रू यांनी 16 इंची पाऊलठशाचा प्लास्टर साचा वृत्तपत्राला दाखवला आणि ‘बिगफूट’ हे नाव देशभर झाले. त्याआधीच्या नोंदी या नावाच्या प्रभावाखाली लिहिलेल्या नाहीत, म्हणून त्यांना वेगळी किंमत.

वाचणाऱ्यांची गल्लत वर्गांपाशी होते. अ वर्ग म्हणजे सिद्ध झालेली घटना नव्हे. तो वर्ग पाहण्याच्या परिस्थितीचा आहे, प्राण्याच्या अस्तित्वाचा नाही. नोंद वाचताना वर्गापेक्षा अंतर, उजेड, किती सेकंद दिसले, मध्ये झाडी होती का आणि शेवटी तपासणाऱ्याने काय टिपले आहे हे पाहावे. कौंटीनुसार आणि महिन्यानुसार नोंदी लावल्या की कुठल्या खोऱ्यात, कुठल्या हंगामात लोक काय सांगतात याचा चांगला अंदाज येतो. एवढी व्यवस्थित मांडणी फुकट मिळते, हे संस्थेचे खरे योगदान आहे.

संग्रहाची मोठी उणीव म्हणजे त्यात फक्त ‘दिसले’ आहे. किती माणसे किती तास त्या जागी होती आणि त्यांना काहीच दिसले नाही, याचा हिशेब कुठेच नाही. त्यामुळे नकाशावर ठिपक्यांची गर्दी दिसते तिथे प्राणी जास्त आहेत की रस्ते, छावण्या आणि शिकारी जास्त आहेत, हे कळायला मार्ग नाही. 2009 मध्ये ‘जर्नल ऑफ बायोजिओग्राफी’त आलेल्या एका अभ्यासात याच संग्रहातल्या नोंदी घेऊन संगणकावर बिगफूटच्या अधिवासाचा नकाशा बनवला होता. तो काळ्या अस्वलाच्या अधिवासाशी जवळजवळ जुळला. हे अस्वल चालताना मागचा पाय बऱ्याचदा पुढच्या पायाच्या ठशावर टाकते आणि दोन ठसे मिळून एक लांबट, माणसासारखे पाऊल तयार होते. ते दोन पायांवरही चालू शकते. न्यू जर्सीतले ‘पेडल्स’ नावाने ओळखले गेलेले अस्वल पुढच्या पायांना इजा असल्यामुळे कायम तसेच चालायचे, आणि त्याची चित्रफीत आजही पाहायला मिळते. मोहिमेवर जाण्याआधी ती एकदा पाहून ठेवावी.

आता मोहीम. साधारण गुरुवार ते रविवार असा तिचा बेत असतो. शुल्क माणशी काहीशे डॉलर, मोहिमेनुसार वेगळे. नवख्या माणसाशी आधी फोनवर बोलणे होते आणि नेमकी जागा नोंदणीनंतरच कळते. जागा गुप्त ठेवण्याला कारण आहे: पत्ता फुटला की थट्टेखोर लोक खोटे पाय घेऊन हजर होतात. शुल्कात तंबू, जेवण, प्रवास, उपकरणे यांतले काही धरलेले नसते. पैसे मोजायचे ते आयोजनाचे आणि अनुभवी माणसांच्या सोबतीचे.

तयारीतला खर्च बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वॉशिंग्टन-ऑरेगॉनच्या राष्ट्रीय वनांतल्या बऱ्याच ट्रेलहेडवर गाडी लावायला नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास लागतो. दिवसाचे 5 डॉलर, वर्षाचे 30. वॉकीटॉकी दोन प्रकारचे मिळतात. साध्या एफआरएस संचाला परवाना लागत नाही, पण त्याची ताकद जास्तीत जास्त 2 वॅट, आणि दाट झाडीत, डोंगराच्या आड तो एखाद-दीड किलोमीटरवरच मुका होतो. दुसरा प्रकार जास्त ताकदीचा, जीएमआरएस. त्याचा परवाना 35 डॉलरना 10 वर्षांसाठी मिळतो आणि त्यावर सगळे कुटुंब बोलू शकते. परीक्षा नसते. गटात दोन गाड्या असतील तर तोच घ्यावा. जुलैतही कॅस्केड पर्वतात रात्री थंडी पडते, आणि थंडीत साध्या अल्कलाइन बॅटऱ्या भराभर उतरतात. रेकॉर्डर आणि ट्रेल कॅमेऱ्यासाठी (हालचाल झाली की आपोआप फोटो घेणारा कॅमेरा) लिथियम एए सेलच न्यावेत. खाण्याचे सगळे सामान अस्वलाला उघडता न येणाऱ्या डब्यात किंवा बंद गाडीत ठेवायचे. तंबूत बिस्किटाचा पुडासुद्धा नको. चकली-चिवड्याचा वास अस्वलाला माणसापेक्षा कितीतरी आधी लागतो.

दिवस झोप, गप्पा आणि जागेची पाहणी यांत जातो. खरे काम अंधार पडल्यावर सुरू होते. तीन-चार जणांच्या तुकड्या वेगवेगळ्या वनरस्त्यांवर जातात. कोणी लाकडावर लाकूड आपटून ठोका देते, कोणी लांब हाक घालते, मग सगळे शांत बसून उत्तराची वाट पाहतात. मोहिमा फसतात त्या इथेच. एका तुकडीचा ठोका दरीपलीकडच्या दुसऱ्या तुकडीला ‘उत्तर’ म्हणून ऐकू येतो. ती परत ठोका देते, आणि अर्धा तास माणसेच माणसांशी बोलत राहतात. सकाळी शेकोटीभोवती त्याची सुरस हकिगत होते. उपाय सोपा आहे, पण शिस्त लागते. सगळ्यांची घड्याळे निघण्याआधी फोनच्या वेळेला सेकंदापर्यंत जुळवायची. दिलेला प्रत्येक ठोका आणि हाक वेळेसह लिहायची. ठोके फक्त ठरलेल्या तुकडीने, ठरलेल्या दहा मिनिटांतच द्यायचे. म्होरक्या हे करत नसेल तर त्या रात्रीच्या आवाजांच्या नोंदी बाद समजाव्यात. राष्ट्रीय उद्यानांच्या हद्दीत वन्यजीवांना मुद्दाम त्रास देण्यास बंदी आहे, तेव्हा ध्वनिमुद्रित हाका वाजवायच्या आधी आपण राष्ट्रीय वनात आहोत की राष्ट्रीय उद्यानात, हे नकाशावर पाहावे.

कानाने फसवणारे प्राणी आधी ओळखीचे करून घ्यायला हवेत. बार्ड आऊल हे घुबड जोडीने ओरडते तेव्हा तो आवाज थेट माकडांच्या कलकलाटासारखा असतो. नवख्या गटांच्या ‘वानरी गप्पां’मागे पुष्कळदा तेच निघते. कोल्ह्याची मादी विणीच्या हंगामात बाई किंचाळल्यासारखी ओरडते. वापिटी हरणाचा नर सप्टेंबर-ऑक्टोबरात लांब शिट्टी घालतो. मोठ्या सुतारपक्ष्याचा एकेक ठोका लाकडावरच्या ठोक्यासारखाच वाटतो, पण तो दिवसा. रात्री गारठ्याने खोड कडाडते तेही ठोक्यासारखे. या सगळ्यांचे नमुने फोनमध्ये भरून न्यावेत आणि ऐकलेला आवाज तिथल्या तिथे ताडून पाहावा.

रेकॉर्डर कुठल्या कंपनीचा आहे यापेक्षा तो कसा लावला आहे हे महत्त्वाचे. डब्ल्यूएव्ही स्वरूप, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट ठेवावे आणि आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद करावी. ती चालू राहिली तर शांततेत पातळी आपोआप वाढते आणि पडलेली काटकीही धिप्पाड पावलासारखी ऐकू येते. माइकवर केसाळ वाराटोपी घालावी. ओढ्यापासून दूर, तंबूंपासून किमान शंभर मीटरवर, छातीइतक्या उंचीवर तो बांधावा. सुरुवातीला तारीख, वेळ, जागा मोठ्याने बोलून ठेवावी. एकच रेकॉर्डर असेल तर आवाज कुठून आला हे सांगता येत नाही. तीन असतील तर येते, कारण ध्वनी सेकंदाला साधारण 340 मीटर जातो आणि शंभर मीटरच्या अंतराने जास्तीत जास्त सुमारे 0.3 सेकंदाचा फरक पडतो. मात्र रेकॉर्डरांची घड्याळे रात्रभरात एकमेकांपासून सरकतात. म्हणून मांडणीच्या मधोमध उभे राहून सुरुवातीला आणि शेवटी तिन्हींत ऐकू जाईल अशी शिट्टी द्यावी, म्हणजे मुद्रणे नंतर जुळवता येतात. बहुतेक गट ही शेवटची शिट्टी विसरतात आणि सगळी मांडणी फुकट जाते.

थर्मल कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. तो काचेतून पाहू शकत नाही, म्हणून गाडीच्या काचा वर करून बसण्यात अर्थ नाही. स्वस्त संचात दोनशे मीटरवरचा माणूस, हरीण आणि अस्वल हे तिन्ही पांढरे ठिपकेच असतात. त्याच्या चित्रफितीला किंमत यायची तर दुसऱ्या दिवशी त्याच जागी माहीत असलेल्या उंचीचा माणूस उभा करून, त्याच ठिकाणावरून, त्याच संचाने पुन्हा चित्रण करावे लागते. ते केलेले नसेल तर उंचीचा कुठलाही आकडा मान्य करू नये.

पाऊलठसा सापडला तर मात्र घाई हा सर्वांत मोठा शत्रू. महाराष्ट्रातल्या वाचकाला ठशाचे साचे नवे नाहीत. मेळघाट-ताडोबात वर्षानुवर्षे वाघांची गणना पगमार्कवरून व्हायची. सरिस्कातले वाघ संपल्याचे 2005 मध्ये उघड झाल्यावर ती पद्धत मागे पडली आणि कॅमेरा ट्रॅप आले. एकाच वाघाचा ठसा ओल्या मातीत, धुळीत आणि उतारावर वेगवेगळा उमटतो आणि पाहणारा त्यात आपल्या मनातले वाचतो, हा तिच्यावरचा मुख्य आक्षेप होता. हजारो ठसे हाताळणाऱ्या वनखात्याची ही गत, तर दोन ठशांवर बिगफूटचे वजन सांगणाऱ्यांचे किती मानायचे?

पद्धत अशी. आधी कोणी पुढे पाऊल टाकायचे नाही. सगळ्या ठशांना झेंड्या लावायच्या, मग एकाच पायाच्या टाचेपासून टाचेपर्यंत आणि डाव्या टाचेपासून उजव्या टाचेपर्यंत अशी दोन्ही अंतरे वेगवेगळी लिहायची. ही दोन मापे एकमेकांत मिसळली की प्राणी एका फटक्यात दुप्पट ढांगेचा होतो. ठशाशेजारी काटकोनी मोजपट्टी ठेवून बरोबर वरून फोटो घ्यायचा. मग पट्टी न हलवता बॅटरीचा उजेड चार बाजूंनी तिरपा टाकून चार फोटो. त्यानंतर फोनने चहूबाजूंनी एकमेकांवर चढणारे तीस-चाळीस फोटो काढले की नंतर संगणकावर ठशाची त्रिमिती प्रतिकृती बनते. हे सगळे साचा ओतण्याआधी, कारण साचा उचलला की मूळ ठसा गेलाच.

ओतायला साधे प्लास्टर ऑफ पॅरिस वापरू नये. ते ठिसूळ, कडा तुटतात. दंतवैद्य वापरतात तो डेंटल स्टोन न्यावा. 1 किलो पावडरीला सुमारे 400 मिलिलिटर पाणी, जाड झिप पिशवीत घालून तीन ते पाच मिनिटे मळायचे, घावनाच्या पिठाइतके सरसरीत होईपर्यंत. सोळा इंची ठशाला इंचभर जाडीसाठी 3 किलो लागते. ते एकेक किलोच्या तीन पिशव्यांत, तिघांनी एकाच वेळी मळावे. एकट्याने पाठोपाठ मळले तर पहिला थर घट्ट होतो आणि पुढे तिथेच तुकडा निघतो. मिश्रण थेट ठशावर ओतले तर बोटांच्या खुणा धुऊन जातात, म्हणून कडेला चमचा धरून त्यावरून आत वाहू द्यावे. वरचा भाग जरा आळला की काडीने क्रमांक, तारीख आणि उत्तर दिशेचा बाण कोरावा. अर्धा ते पाऊण तासाने उचलावे, गारठ्यात तासाभराहून अधिक थांबावे. चिकटलेली माती दोन दिवस काढू नये. बर्फात डेंटल स्टोन ओतला तर तो आळताना गरम होतो आणि ठसा वितळवतो. त्यासाठी बर्फातल्या ठशावर फवारायचे खास मेण मिळते. बर्फातला ठसा उन्हाने आपोआपही मोठा होतो, तेव्हा जुन्या बर्फातल्या ‘दीड फुटी’ पावलावर वेळ घालवू नये.

साच्यावर दिसणाऱ्या बारीक रेषांवरूनही बराच वाद आहे. कोरड्या, बारीक मातीत ओतल्यावर पाणी शोषले जाताना कातडीवरच्या रेषांसारख्या रेषा नुसत्या प्रक्रियेने उठतात, हे प्रयोगातून दाखवले गेले आहे. पायाच्या मध्ये वाकणाऱ्या सांध्याचेही तसेच. आयडाहो स्टेट विद्यापीठाचे प्रा. जेफ मेल्ड्रम यांनी तो बिगफूटच्या ठशांचा विशेष म्हणून मांडला होता. पण बोस्टनच्या विज्ञान संग्रहालयात सुमारे 400 लोकांना चालवून पाहिले तेव्हा साधारण 8 टक्के माणसांत असाच लवचीक मधला पाय आढळला. म्हणून एका ठशाचा साचा कधीच पुरत नाही. डावा, उजवा, पुन्हा डावा असे लागोपाठचे किमान तीन घ्यावेत. जिवंत पाय प्रत्येक पावलाला वेगळा दबतो, बोटे सरकतात. लाकडी पाय तोच तो छाप देतो. जेरी क्रू ज्या रस्त्याच्या कामावर होते त्याचे कंत्राटदार रे वॉलेस 2002 मध्ये वारल्यावर त्यांच्या कुटुंबाने कोरलेले लाकडी पाय बाहेर काढले आणि 1958 चे ठसे त्यांचेच असल्याचे सांगितले, हे प्रत्येक गटाने लक्षात ठेवायला हवे.

केस मिळाले तर चिमट्याने, हातमोजे घालून कागदी पाकिटात ठेवावेत. प्लास्टिकमध्ये दमट होऊन कुजतात. मुळासकट असेल तरच पेशीतला डीएनए चांगला मिळतो. अपेक्षा मात्र वास्तव असाव्यात. ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांच्या 2014 च्या तपासणीत जगभरातून आलेल्या ‘वानरमानवा’च्या 30 केसनमुन्यांची ओळख पटली. अमेरिकेतले नमुने अस्वल, गाय, घोडा, रॅकून, साळिंदर, माणूस असे निघाले. लडाख आणि भूतानचे दोन नमुने आधी प्राचीन ध्रुवीय अस्वलाशी जुळल्याचे जाहीर झाले, पण पुढच्या फेरतपासणीत ते हिमालयातल्या तपकिरी अस्वलाकडे बोट दाखवू लागले. एफबीआयकडे 1976 मध्ये तपासायला दिलेले केस हरणाच्या कुळातले निघाले होते.

तुलनेसाठी दुसरे दोन गट पाहावेत. नॉर्थ अमेरिकन वूड एप कन्झर्व्हन्सी हा टेक्सासमधून सुरू झालेला गट ओक्लाहोमाच्या आग्नेय भागातल्या वाशिटा पर्वतात उन्हाळाभर पाळ्या लावून राहतो. 2015 मध्ये त्यांनी आपल्या निरीक्षणांचा सविस्तर अहवाल मांडला. चिकाटी आणि नोंदींबाबत ते सरस आहेत. पण नमुना म्हणून प्राणी मारून मिळवावा, अशी त्यांची उघड भूमिका आहे. ती पटत नसेल तर अर्ज करू नये. वॉशिंग्टनच्या स्कॅमेनिया कौंटीत तर 1969 पासून बिगफूटला मारण्याविरुद्ध वटहुकूम आहे, आणि मुळात त्याला 10,000 डॉलर दंड आणि पाच वर्षे कैद ठेवली होती. दुसरा गट ब्लफ क्रीक प्रोजेक्ट. 1967 मध्ये पॅटरसन आणि गिमलिन यांनी जिथे चालत्या बिगफूटची म्हणून प्रसिद्ध असलेली चित्रफीत घेतली, ती हरवलेली जागा या स्वयंसेवकांनी जुनी झाडे आणि खोडे मोजून 2011 मध्ये पुन्हा निश्चित केली. मोठ्या दाव्याऐवजी एक छोटा, तपासता येण्याजोगा प्रश्न घेतला आणि सोडवला. आमच्या मते सगळ्या क्षेत्रातले हे सर्वांत नमुनेदार काम आहे.

बीएफआरओच्या मोहिमेत असे काम होईल की नाही, हे म्होरक्यावर ठरते. म्हणून फोनवर बोलताना त्याला विचारा: ठोक्यांची वेळ लिहिता का? मागच्या मोहिमेची नोंदवही दाखवाल का? काहीच न घडलेल्या रात्रींची नोंद तिच्यात आहे का? तुकड्या कुठे उभ्या होत्या त्याचा नकाशा ठेवता का? सरळ उत्तरे मिळाली तर पैसे वसूल आहेत. अंधारात शांत बसणे, आवाज ओळखणे, जंगलात रात्री न घाबरता चालणे हे अनुभवी माणसांकडून तीन रात्रींत जितके शिकता येते तितके एकट्याने वर्षभरात येत नाही. उत्तरादाखल नुसते थरारक प्रसंग ऐकवले गेले तर तोच शनिवार-रविवार बोरिंग, ऑरेगॉन इथल्या नॉर्थ अमेरिकन बिगफूट सेंटरला किंवा कॅलिफोर्नियात विलो क्रीकच्या संग्रहालयाला द्यावा. तिथले साचे हातभर अंतरावरून पाहता येतात, आणि मुलांनाही नेता येते. मोहिमेवर लहान मुलांना नेऊ नये. जागरण आणि गारठा त्यांना झेपत नाही, आणि एक रडणारे मूल चार रेकॉर्डरांची रात्र घालवते.

राहिली उपकरणे. पहिल्या मोहिमेसाठी एक रेकॉर्डर, मोजपट्टी, 3 किलो डेंटल स्टोन, झिप पिशव्या, कागदी पाकिटे आणि वही-पेन्सिल एवढे पुरे. ओल्या हवेत पेनाची शाई पसरते. थर्मल कॅमेरा कोणाचा तरी वापरून पाहिल्याशिवाय विकत घेऊ नये. घेतलाच, तर सुट्टीत भारतात नेण्याआधी अमेरिकेचे निर्यातनियम तपासा. बऱ्याच थर्मल संचांवर ते लागू आहेत, आणि सामानात टाकून नेला म्हणून सूट मिळत नाही.